अर्ध्या रेकॉर्डला ग्रामोफोन मंदावतो? स्प्रिंग बदलण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. चावी पूर्ण दिली, नवी पिन लावली, पहिलं मिनिटभर झकास. मग अंतऱ्यावर येता येता आवाज जड व्हायला लागतो, तबला लोळायला लागतो आणि शेवटच्या तिहाईपर्यंत बाईंचे बुवा झालेले असतात. मालक धावत जाऊन चावी मारतात, सूर कण्हत वर चढतो, पुन्हा उतरतो. कोणीतरी जाणता सांगतो, "स्प्रिंग गेली." नवी स्प्रिंग बसते, पैसे जातात, दिवाळीपर्यंत मशीन बरं चालतं आणि थंडी पडली की पुन्हा तेच रडगाणं.

मी जुने ग्रामोफोन जमवतो आणि चालते करतो, म्हणून स्पष्टच सांगतो: मंदावणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा स्प्रिंग निर्दोष असते. तिने दिलेला जोर वाटेत कुणीतरी खातं. खाणारा शोधायचा सोडून जोरच वाढवला, तर काही दिवस झाकपाक होते, एवढंच.

पुढचं सगळं मुख्यतः एच.एम.व्ही.चं १०२ हे पेटीचं मॉडेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. १९२५ च्या १०१ नंतर १९३१ साली हे आलं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं निघत राहिलं, त्यामुळे आपल्याकडच्या वाड्यांच्या माळ्यांवरून उतरणाऱ्या पेट्यांत ते वरचेवर दिसतं. मोटर एका स्प्रिंगची. दोन स्प्रिंगांची टेबल मॉडेलं, कर्ण्याची मशीनं, स्विस मोटर घातलेल्या इतर कंपन्यांच्या पेट्या यांत मांडणी थोडी वेगळी असते, पण दुखणी तीच.

जोर येतो कुठून, जातो कुठे

स्प्रिंग म्हणजे डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी. ती उलगडताना डबा फिरवते, डबा गिअर फिरवतो, गिअर मधला खांब फिरवतो आणि खांबावर थाळी बसलेली असते. स्प्रिंगचा जोर काही सारखा नसतो. चावी पूर्ण असताना भरपूर, उलगडत जाईल तसा कमी. तरी रेकॉर्ड एका वेगाने फिरते, कारण जास्तीचा जोर गव्हर्नर खाऊन टाकतो. एका बारीक दांड्याभोवती तीन पातळ पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एक वजन. दांडा वेगाने फिरला की वजनं बाहेर फाकतात, पट्ट्या वाकतात, त्यांच्या टोकाची पितळी चकती दांड्यावरून सरकते आणि फेल्टच्या किंवा चामड्याच्या छोट्या गादीला घासते. घासली की वेग आवरतो. आपण वेगाचा स्क्रू फिरवतो म्हणजे फक्त ही गादी चकतीच्या जवळ किंवा लांब नेतो.

म्हणजे गव्हर्नर हा ब्रेक आहे. ब्रेकने गाडी पळत नाही. मशीन ठरवलेल्या वेगाच्या खाली आलं, तेव्हा निरोगी गव्हर्नरची चकती गादीला टेकलेलीच नसते. यातूनच फुकटातली सगळ्यात उपयोगी चाचणी निघते. सूर उतरायला लागला की चावीला हात न लावता वेगाचा स्क्रू 'फास्ट'कडे न्या. सूर लगेच वर आला, तर स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक आहे आणि गादीच चकतीला चिकटतेय किंवा ओढतेय. काहीच फरक पडला नाही, तर जोर खरोखर कमी पडतोय. मग तो स्प्रिंगमधून निघतच नाही की वाटेत मुरतोय, हे पाहायचं.

आधी मोजा

कानावर भरवसा ठेवू नका. रोज ऐकून ऐकून कान मंद वेगालाही सरावतो. या रेकॉर्डींचा ठरलेला वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांचा. ७८ चे साधारण साडेत्र्याहत्तर झाले, की काळी एकचा षड्ज पांढरी एकवर येतो. घरात हार्मोनियम असेल तर रेकॉर्डच्या सुरुवातीचा आणि शेवटचा सा लावून पाहा. कुठल्याही यंत्राशिवाय फरक हाती लागतो.

थाळी मोजायला रेकॉर्डच्या काठाखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची आणि घड्याळ लावून मिनिटभर फेऱ्या मोजायच्या. पिन रेकॉर्डवर ठेवूनच. नुसती थाळी तर मरायला टेकलेली मोटरही ७८ ने फिरवते. फोन थाळीवर ठेवून वेग दाखवणारी ॲप आहेत, पण त्यांत हीच खोट आहे: पिनेचं ओझं त्यात येत नाही. आणि ते ओझं थोडंथोडकं नसतं. साउंडबॉक्स, म्हणजे पिन ज्यात बसते तो आवाज काढणारा गोल डबा, शंभर ग्रॅमच्या वर भार रेकॉर्डवर टाकतो. एलपीची पिन जेमतेम दोनेक ग्रॅम टाकते.

वेग तपासायची रेघांची चकती (विजेच्या दिव्याच्या लुकलुकीत बरोबर वेगाला तिच्या रेघा स्थिर दिसतात) वापरणार असाल तर रेघा मोजून घ्या. आपल्याकडच्या ५० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेला ७७ रेघांची चकती लागते. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या पुष्कळ चकत्या अमेरिकेतल्या ६० सायकलसाठी, ९२ रेघांच्या असतात. ती चकती पुण्यात किंवा नागपुरात लावली की ६५ फेऱ्यांना रेघा स्थिर दिसतात आणि माणूस समाधानाने मशीन मंद करून ठेवतो. (न्यू जर्सीतल्या मंडळींनी अर्थातच ९२ ची घ्यावी.) दुसरी अडचण बल्बची. चांगले एलईडी आता लुकलुकतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेघा नुसत्या पुसट होतात. जुन्या स्विचबोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर मात्र चालतो. खोलीत अंधार करायचा आणि मशीन बोर्डाजवळ न्यायचं.

नेमकं कधी मंदावतं?

सगळं निदान या प्रश्नात आहे, आणि 'चावी दिली तरी मंद चालतं' एवढं सांगून मशीन सोडून जाणाऱ्यांना नेमकं हेच सांगता येत नाही. तेव्हा मशीन उघडण्याआधी दोन-चार रेकॉर्डी लक्ष देऊन ऐका.

काठावर मंद आणि मध्याकडे सुधारतं, असं असेल तर पिनेचा ओढा जड पडतोय. पिन घासते तेवढीच, पण काठावर ती खांबापासून लांब असते, म्हणून थाळीला जास्त अडवते. उलट काठावर ठीक आणि मध्याकडे मंद, म्हणजे ओढा हलका होत असतानाही मोटर हरतेय. स्प्रिंगकडे आणि तिच्या ग्रीसकडे बघा. फक्त जोरकस जागांना, मोठ्या तानेला किंवा बँडच्या ठोक्याला दबत असेल, तर मोटर काठावरच चाललीय. थोडं घर्षण कमी झालं तरी सुधारेल. सकाळी मंद आणि दुपारी बरं, हे वाळलेल्या तेलाचं हमखास लक्षण. डिसेंबरातल्या सकाळी हे मशीन लोकांना फार छळतं.

पेटीच्या पोटातून मधूनच 'धप्' असा आवाज येतो आणि त्याच क्षणी सूर हिसका खातो? स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस मेलंय. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि सुटताना एकदम सुटतात. दर फेरीला एकदा सूर हेलकावतो? मोटर सोडा, रेकॉर्ड बघा: भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकलीय. सूर बारीक थरथरतो? गव्हर्नरची एखादी पट्टी तडकलीय किंवा वजनाचा स्क्रू ढिला झालाय. चावी देताना मध्येच 'खट्' होऊन हात रिकामा फिरतो? हे एकच लक्षण असं आहे की थेट स्प्रिंगचं टोक किंवा रॅचेट (चावी उलटी फिरू न देणारं दातेरी चाक) तुटल्याचं धरून चालावं.

न उघडता होणारी कामं

पिन. पोलादी पिन एका बाजूसाठी असते, दोन नाही, पाच तर नाहीच. जुन्या डबीत दोनशे पिना यायच्या, त्या याच हिशेबाने. घासलेली पिन जास्त ओढते हे दुय्यम. मुख्य म्हणजे तिची झिजलेली धार छिन्नीचं काम करते आणि रेकॉर्डची वाट लावते. 'आमच्या आजोबांनी एकाच पिनेवर सगळी रेकॉर्ड वाजवली' असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांच्या रेकॉर्डी करड्या पडलेल्या असतात.

चावी. १० इंची रेकॉर्डची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास जाते, १२ इंची चार-साडेचार. एका स्प्रिंगच्या पेटीला दर बाजूला चावी द्यायचीच असते. काही जण स्प्रिंग तुटेल या भीतीने निम्मीच देतात आणि मग मंदावतं म्हणतात. सावकाश, एकसारखी चावी द्या, घट्ट लागली की थांबा. त्यापुढे हिसका मारला तरच नुकसान.

ब्रेकची गादी थाळीच्या कडेला घासतेय का, थाळीखाली पडलेला वॉशर किंवा जुनी पिन अडकलीय का, आवाजनळी (साउंडबॉक्स जिच्या टोकाला असतो ती) बोटाने हलवली तर मोकळी फिरते का, एवढं बघून घ्या. आपोआप थांबणारा ब्रेक ज्या पेट्यांत असतो, तिथे तो आवाजनळीला अडकून ओढतो. तो बाजूला करून एक रेकॉर्ड वाजवली की खरंखोटं कळतं.

रेकॉर्ड मळलेली असेल तर गार पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालून मऊ कापडाने धुवा, लेबल सांभाळा. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यातलं काही लावू नका. रेकॉर्डमधली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. रेकॉर्ड चकचकीत करायला गेलेल्या लोकांनी खाचाच पुसून टाकलेल्या मी पाहिल्यात. आणि एलपी या मशीनवर चुकूनही ठेवू नये, पोरं हट्ट करतात तरी.

एवढं करून, थाळी पूर्ण थांबेपर्यंत मशीन चालू द्या आणि मग दोन-तीन फेरेच चावी द्या. निरोगी मोटर तेवढ्यावर आपणहून फिरायला लागते. तुमची थाळी ढिम्म राहिली किंवा बोट लावल्याशिवाय हलेना, तर मोटर उघडायची वेळ आलीय.

उघडताना

एक गोष्ट अंगात भिनली पाहिजे: स्प्रिंगमध्ये चावी शिल्लक असताना गव्हर्नरला हात लावायचा नाही. गव्हर्नर सुटला की स्प्रिंगला आवरणारं काहीच उरत नाही. अख्खा साठलेला जोर सेकंदात गिअरवर येतो, दात उडतात आणि मध्ये बोट असेल तर त्याचंही काही खरं नसतं. ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. थांबल्यावर थाळी पुढच्या दिशेला हाताने थोडी ढकलून बघा. गिअर सैल लागले पाहिजेत.

थाळी दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलायची. काही मशीनांत मध्ये क्लिप असते, ती आधी. मोटर काढण्यापूर्वी फोनवर भरपूर फोटो काढून ठेवा, विशेषतः वेगाच्या स्क्रूपासून गादीपर्यंत जाणाऱ्या दांडीचे. खांब बाहेर काढताना पेटीखाली पांढरं कापड अंथरा. बऱ्याच मोटरींत खांबाच्या तळाशी एक बारीक पोलादी गोळी असते, खांब तिच्यावर टेकून फिरतो. ग्रीसमध्ये बरबटलेली ती गोळी कुणाला दिसत नाही, धुताना रॉकेलबरोबर मोरीत जाते आणि मग 'सगळं साफ केलं, पण आता आणखीच घासतंय' अशी कथा सुरू होते.

धुवायला रॉकेल उत्तम, पण ते आता सहज मिळत नाही. पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. दातांचा ब्रश, जुनं बनियन, भोकांसाठी टोकदार केलेल्या आगपेटीच्या काड्या, एवढ्यावर भागतं. सॅंडपेपर कुठेच नको.

गव्हर्नर: जिथे बहुतेक चोर सापडतो

साताऱ्याहून एका ओळखीच्या काकांनी त्यांचा १०२ आणला होता. दोनदा स्प्रिंग बदललेली, दुसरी मूळच्यापेक्षा जाड. चावी द्यायला मनगट दुखायचं, तरी तिसऱ्या मिनिटाला सूर खाली. स्क्रू 'फास्ट'कडे नेला तर काही होईना. मोटर बाहेर काढल्यावर डबा, गिअर, खांब सगळं स्वच्छ. स्प्रिंग बदलणाऱ्याने तेवढं पुसलं होतं. गव्हर्नरचा दांडा मात्र दोन्ही टोकांना पिवळट, पारदर्शक थरात बसलेला. नखाने खरवडला तर वाळलेल्या डिंकासारखा सुटा झाला. कधीकाळी घातलेलं तेल ते. गव्हर्नर हा सगळ्या मोटरीत सर्वांत वेगाने फिरणारा भाग, थाळीच्या कितीतरी पट. त्यामुळे तिथे चिमूटभर घर्षण असलं तरी सगळ्यात जास्त जोर तिथेच मुरतो. काकांच्या मशीनला टर्पेंटाइन, दोन थेंब तेल आणि नवं फेल्ट, एवढंच लागलं. जाड स्प्रिंग काढून मूळ मापाची घातली.

गव्हर्नरचा दांडा दोन टोकांना दोन पितळी बुशांत, म्हणजे भोक पाडलेल्या छोट्या नळकांड्यांत, फिरतो. या बुशांचं भोक बऱ्याचदा मुद्दाम मध्यापासून बाजूला काढलेलं असतं. बूश फिरवला की दांडा मोठ्या गिअरच्या जवळ सरकतो किंवा लांब जातो. फार जवळ गेला तर दात एकमेकांत रुतून मोटर अडखळते, फार लांब गेला तर खरखर होते आणि दात झिजतात. काढण्यापूर्वी बूश आणि चौकट यांच्यावर टोकदार खिळ्याने एक रेघ मारून ठेवली, तर परत बसवताना तासभर वाचतो. दांडा बसवल्यावर तो नखाने लांबीच्या दिशेने ढकलून पाहायचा. कानाला ऐकू येईल न येईल अशी 'टिक' आली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर बूश घट्ट झालाय. हेच कारण कित्येक 'दुरुस्त केलेल्या' मशीनांत सापडतं, कारण खरखर बंद करायची म्हणून कुणीतरी बूश आवळून ठेवलेला असतो. ढिलं केलं की खरखर परत येते, पण ती तेलाने घालवायची असते, आवळून नव्हे.

गादी दिसायला क्षुल्लक. जुनं फेल्ट तेल-धूळ पिऊन काचेसारखं गुळगुळीत होतं, कधी चिकट होऊन चकतीला धरूनच ठेवतं. नवा तुकडा हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. मूळ जाडीचाच कापून बसवा आणि त्यावर तेलाचा एक थेंब मुरवा. कोरडी गादी किरकिरते आणि सूर थरथरवते. तेलात भिजवून ठेवलेली धूळ खाते. चकतीची घासणारी बाजू धातूच्या पॉलिशने आरशासारखी करायची.

पट्ट्या तीनही एका जाडीच्या हव्यात. एक तडकली तर तिघी बदला. त्यांचे स्क्रू इवलेसे आणि त्यांची खाच लवकर बुजते, म्हणून घड्याळवाल्याचा नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. पट्टी वाकडी बसली की मशीन सुसाट सुटतं किंवा घरघरतं. दांडा हातात फिरवून पाहा, तिन्ही वजनं सारखी फिरली पाहिजेत.

डबा उघडायचाच असेल तर

'धप्' होत असेल किंवा शेवटच्या मिनिटालाच जोर संपत असेल, तर डबा उघडावा लागतो. चावी पूर्ण सुटलेली असली तरी डब्यात स्प्रिंग कोंबलेलीच असते, आणि बाहेर यायला तिला निमित्त पुरतं. जाड चामडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगणात किंवा गच्चीत, मुलं-मांजरं लांब. हात बसलेला नसेल तर हे काम जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची स्प्रिंग हाताळणाऱ्या कारागिराला द्या. त्यात कमीपणा नाही. फाटलेल्या तळव्याला टाके घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

झाकण काढल्यावर स्प्रिंग कुठल्या दिशेने गुंडाळलीय, त्याचा खडूने बाण काढा. डबा गोणपाटात धरून, मधलं वेटोळं पकडीने उचलून एकेक वेटोळं हाताखाली दाबतच सोडायचं. मोकळी झाल्यावर तिच्याकडे नीट बघा. चांगली स्प्रिंग डब्याच्या कितीतरी पट ऐसपैस पसरते. डब्याबाहेर काढूनही गुंडाळून पडून राहिली, तर ती खरंच थकलीय. टोकाच्या भोकापाशी चिरा, मध्ये गंजाचे खड्डे आहेत का तेही बघा. तसं काही नसेल तर धुऊन, कोरडी पुसून, ग्राफाइट मिसळलेल्या ग्रीसचा पातळ हात फिरवून, बाहेरच्या वेटोळ्यापासून आत अशी परत भरायची. पूर्वी व्हॅसलिन आणि ग्राफाइटची पूड कालवून हेच काम व्हायचं. डबा ग्रीसने गच्च भरू नका. जास्तीचं ग्रीस उन्हाळ्यात पाझरून गव्हर्नरच्या गादीवर येतं.

नवी स्प्रिंग घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचं भोक ही चारही मापं जुनीवरून घ्या. 'जरा जाड द्या, दमदार चालेल' हा सल्ला ऐकू नका. पट्टीचा जोर जाडीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. दहा टक्के जाड पट्टी म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त जोर, आणि तो सगळा गिअरच्या दातांवर आणि गव्हर्नरच्या गादीवर. वर जाड पट्टीची वेटोळी डब्यात कमी बसतात, म्हणजे चावी पुरते कमी वेळ. घड्याळवाल्यांचा एक जुना हिशेब इथेही लागू पडतो: डब्यातल्या मोकळ्या जागेपैकी साधारण निम्मी स्प्रिंगने व्यापावी.

दुखणं परत का येतं

तेलामुळे. घरात जे असेल ते घातलं जातं. कोकणातून आलेल्या पेट्यांत खोबरेल हमखास, आणि खोबरेल थंडीत गोठतं. मग डिसेंबरात मशीन का झोपतं याचं कोडं वेगळं सोडवायला नको. गोडंतेल वाळून चिकट होतं. गंज सोडवायचे स्प्रे मारले की दोन दिवस मोटर पळते, मग तो पातळ द्रव उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो. शिलाई मशीनचं तेल घ्या. गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना, खांबाला वर-खाली, प्रत्येकी एक-एक थेंब. दातांवर ग्रीसचं बोट. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर.

ठेवताना चावी उतरवून ठेवा. स्प्रिंग ताणलेली राहिली की हळूहळू जोर हरवते. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. झाकणाचं रेक्झिन फुगतंच, पण ओल मोटरीलाही लागते.

आणि काही मशीनांचं दुखणं कधीच जात नाही, कारण ती मुळात तशी नसतातच. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी आणि कुत्र्याचं ताजं लेबल असलेला 'आजोबांच्या काळचा' ग्रामोफोन दिसतो. आत एखाद्या मोडक्या पेटीतली मोटर, नव्याने ओतलेला साउंडबॉक्स आणि भलत्याच कोनात बसवलेली आवाजनळी. पिन रेकॉर्डवर तिरकी घासते, मोटर पेलत नाही, मंदावणारच. दिवाणखान्यात शोभेला ठेवा. त्यावर दुरुस्तीचा खर्च करू नका आणि चांगली रेकॉर्ड तर मुळीच ठेवू नका.

मशीन ठीक, तरी सूर चुकीचा

७८ हा आकडा पक्का झाला १९२५ च्या सुमाराला, विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित करत होते, तेव्हापासूनच्या दोन दशकांतल्या रेकॉर्डी वेगवेगळ्या वेगांवर आहेत. त्यामुळे जुनी रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच वरच्या किंवा खालच्या पट्टीत वाजत असेल, तर मोटरीला दोष देऊ नका. वेगाचा स्क्रू थोडा फिरवा. त्या काळातल्या काही रेकॉर्डींच्या शेवटी गाणारे आपलं नाव बोलून सांगतात. वेग लावायला ती ओळ फार कामाची. गाण्यात चढलेली पट्टी खपून जाते, साध्या बोलण्यातला चिरका किंवा घोगरा आवाज लगेच कळतो.

सगळं झाल्यावर परीक्षा अशी: पूर्ण चावी, नवी पिन, १० इंची जोरकस रेकॉर्ड. पहिल्या मिनिटाला फेऱ्या मोजा आणि शेवटच्या मिनिटाला मोजा. दोन्ही वेळा ७८ आल्या तर पेटी मिटा. एखाद्या फेरीचा फरक पडला तर एक आठवडा रोज वाजवा. नवं ग्रीस स्प्रिंगमध्ये नीट पसरायला वेळ घेतं. गव्हर्नर, गादी, गोळी, ग्रीस सगळं जागेवर असून फरक तीन-चार फेऱ्यांचा राहिला, तर खांबाचं छोटं गिअर किंवा बुशांची भोकं झिजलीत. ती घडवून घेण्यापेक्षा १०२ ची दुसरी मोटर शोधणं सोपं. झाकण कुजलेल्या, साउंडबॉक्स फुटलेल्या पेट्या भंगारच्या भावात मिळतात आणि त्यांच्या मोटरी पुष्कळदा धडधाकट असतात. घेताना चावी देऊन बघू नका म्हणतील. दोन फेरे तरी देऊनच घ्या.